मिठाला पाणी सुटतं, ते कुठून?

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचं पत्र आहे. घटक चाचणीत त्यांनी दोन गुणांचा प्रश्न घातला होता : 'आर्द्रताशोषी पदार्थाचे एक उदाहरण द्या व कारण लिहा.' आठवीतल्या एका मुलीनं लिहिलं, 'मीठ. पावसाळ्यात मीठ सादळतं, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं.' सरांनी अर्धा गुण कापला आणि लाल शाईत शेरा मारला, 'शास्त्रीय भाषा वापर.' आठवडाभरानं मुलीची आजी शाळेत आली. भांडायला नाही, सहज. म्हणाली, "गुरुजी, मीठ सादळतंय हे लेकराला म्याच सांगितलं. खोटं असंल तर मार्क माझा कापा."

सर तिथं हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. बी.एड.ला पुण्यात असताना त्यांच्या बोलण्यावर वर्ग हसायचा. तसं आपल्या मुलांचं होऊ नये म्हणून ते शब्दांबाबत कडक आहेत. एक सहकारी म्हणतात, बोलीतले शब्द खुशाल चालवा. दुसरे म्हणतात, मग शिष्यवृत्ती परीक्षेत पोरं मार खातील. सरांचा प्रश्न असा : 'सादळणे' हा 'आर्द्रताशोषी'चा समानार्थी शब्द मानायचा की नाही? आणि मानायचा, तर मग शास्त्रीय शब्द शिकवायचा तरी कशाला?

उत्तर :

सर, नमस्कार.

अर्ध्या गुणापायी झोप उडणारा शिक्षक अजून आहे, हे वाचून बरं वाटलं. आता उरलेली झोप मी उडवते.

तुमचाच प्रश्न पुन्हा वाचा. 'आर्द्रताशोषी' हा शब्द प्रश्नातच छापलेला होता. तो कळला नसता तर त्या मुलीनं वाळू लिहिली असती, काच लिहिली असती. तिनं मीठ लिहिलं, म्हणजे शब्द तिला कळला. पुढं तुम्ही कारण विचारलंत आणि तिनं कारण दिलं. तुम्हाला जे अपेक्षित होतं, 'कारण मीठ हा आर्द्रताशोषी पदार्थ आहे', त्यात कारण कुठं आहे? आंबा गोड का, तर त्यात गोडवा आहे म्हणून, अशातली ती गत. वर्गातल्या ज्या पोरांनी ते वाक्य लिहून पुरे दोन गुण घेतले, त्यांच्या वह्या मी तुमच्या जागी असते तर आधी उघडल्या असत्या.

तेव्हा गुणाचा निकाल लागला. शब्दाचा अजून नाही, आणि खरी मजा तिथंच आहे.

तुम्ही विचारता, सादळणे आणि आर्द्रताशोषी समानार्थी आहेत का. नाहीत. पण तुम्ही धरून चाललात त्या कारणानं नाही. एक शहाणा शब्द आणि एक गावंढळ शब्द, असा तो भेद नाहीच. सादळतो तो चिवडा पुण्याच्या डब्यातही सादळतो, आणि तिथल्या बायकाही त्याला सादळलाच म्हणतात. तुमच्या बी.एड.च्या वर्गाला हसू आलं असेल ते तुमच्या हेलाचं, शब्दाचं नव्हे.

भेद असा आहे. 'आर्द्रताशोषी' पदार्थाचा स्वभाव सांगतो. मीठ उन्हाळ्यातही आर्द्रताशोषीच असतं, फक्त तेव्हा त्याला ओढायला हवेत पुरेसा ओलावा नसतो. 'सादळणे' ही घडलेली गोष्ट सांगतं, आणि तीही एकाच जातीची : जे कुरकुरीत होतं ते मऊ पडलं. पापड सादळतो, कुरडई सादळते, दिवाळीचे उरलेले फटाके सादळतात. कुणी सर्दावले म्हणतं, कुणी नरमले. पण गूळ? गूळ सादळला असं तुमच्याकडची एकही म्हातारी म्हणणार नाही. गूळ पाघळतो. त्याच्यातल्या साखरेचा काही भाग फुटून तयार झालेल्या साखरा पाण्याच्या फार लोभी असतात, म्हणून डब्यातली साखर सुटी राहिली तरी शेजारची ढेप खाली बसते. लाकडी दार श्रावणात फुगतं. युरियाच्या गोणीत खडे धरतात. सोयाबीनला तर आडतीवर 'हवा' धरते. लातूरच्या आडत बाजारात हवा, माती आणि डागी ह्या तीन शब्दांवर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं, आणि त्यातली हवा म्हणजे ओलावा. हमीभावाच्या खरेदीला त्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तेव्हा तुमच्या वर्गातल्या किती पोरांच्या घरी त्यावर बोलणं झालं असेल! उघड्यावरच्या ढिगानं रात्रीच्या ओल्या हवेतलं पाणी घेतलं की सकाळी मीटरचा आकडा वर. वर्गाबाहेर ह्या गुणाची किंमत रुपयांत होते.

म्हणजे एका विशेषणासमोर आपल्याकडं पाच-सहा क्रियापदं उभी आहेत. एकही त्याची जागा घेत नाही आणि ते विशेषणही ह्यातल्या कुणाची जागा घेत नाही. प्रतिशब्दांची यादी करायला बसाल तर फसाल. समानार्थी शब्दांच्या रकान्यात 'शोषक, जलशोषी, आर्द्रताग्राही, टिपणारा, पिणारा' असं ओळीनं लिहिलं की मुलाला वाटतं, कुठलाही उचलला तरी चालेल.

चालत नाही. टिपकागद शाई टिपतो, पंचा पाणी टिपतो. वर आलेलं, दिसणारं पाणी उचलायचं, ते टिपणं. वांगं तेल पितं. पाऊस रानात जिरतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला जिरणं म्हणजे काय हे शिकवायला नको. लोणचं मुरतं; त्यात नुसतं आत जाणं नाही, आत जाऊन बदलणंही आहे, म्हणून तर माणूस राजकारणात मुरतो, जिरत नाही. जिरते ती खोड. विष भिनतं. माठ पाझरतो, म्हणजे पाणी आत घेऊन बाहेर सोडतो. आणि 'शोषण' म्हटलं की आठवीच्या मुलाला आधी सावकार आठवतो, मग स्पंज. त्याचा दोष नाही, पेपरात तो शब्द त्याच अर्थानं येतो.

ह्या गर्दीत 'आर्द्रताशोषी' वेगळा कसा काढायचा? मी वर्गात एकच प्रश्न विचारायचे : पाणी ओतावं लागतं का? पंच्यावर, विटेवर, मातीवर पाणी ओतावं लागतं. मग ते घेतात. ते शोषक. मिठावर, गुळावर, पापडावर कुणी पाणी ओतत नाही. झाकण उघडं राहिलं की ते हवेतूनच घेतात. ते आर्द्रताशोषी. कापूस दोन्हीकडं बसतो : जखमेवरचा कापूस रक्त टिपतो, आणि गोदामातला कोरडा दिसणारा कापूसही हवेतलं पाणी धरून असतो. म्हणून कापसाच्या व्यापारात कोरड्या वजनावर ८.५ टक्के ओलावा धरायची रीत आहे. (औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी कुणी विचारलीच, तर ती पाणी आपल्या बारीक छिद्रांच्या पृष्ठभागावर धरते, त्याला अधिशोषण म्हणतात. आठवीत एवढं बास.)

आता तुमच्या सहकाऱ्यांकडं वळते, ते बोली चालवा म्हणणारे. त्यांचं मन चांगलं आहे, पण बोली प्रत्येक वेळी खरं बोलते असं नाही. तुमच्या विद्यार्थिनीनं 'सादळतं' लिहिलं. बहुतेक घरांत काय म्हणतात? 'मिठाला पाणी सुटलं.' हे वाक्य जरा कानाजवळ धरा. सुटलं म्हणजे कुठून? मिठातून! काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, ते खरंच काकडीतलं असतं. मिठाच्या बरणीत मात्र मिठातून काहीच सुटत नाही; बाहेरच्या हवेतलं पाणी त्याच्यावर येऊन बसतं आणि ते त्यात विरघळू लागतं. भाषा एक, क्रियापद एक, आणि दिशा बरोबर उलटी. ही गफलत मी पदवीच्या मुलांतही पाहिली आहे.

एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत होते तेव्हाची गोष्ट. गणपतीच्या सुट्टीत कॅल्शियम क्लोराइडची बाटली झाकण नीट न लावता राहिली. चूक माझी. सुट्टीनंतर कपाट उघडलं तर बाटलीत पांढऱ्या खड्यांच्या जागी स्वच्छ पाणी. आमच्या प्रयोगशाळा मदतनिसाला वाटलं, कुणीतरी खडे चोरून पाणी भरून ठेवलं. त्यानं इमानदारीनं ते मोरीत ओतलं, बाटली धुऊन पालथी घातली आणि मला येऊन सांगितलं, "मॅडम, चोरी झाली." चोर हवाच होती, फक्त तिनं नेलं काही नव्हतं, आणून टाकलं होतं. हे त्याला समजावताना माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं तेही 'त्याला पाणी सुटतं' हेच. तो म्हणाला, "म्हणजे त्याच्यात होतं व्हय आधी?" दोन मिनिटं मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून शास्त्रीय शब्द हवा. तुमच्या लेकरांवर कुणी हसू नये म्हणून नाही, तर 'आर्द्रता' आणि 'शोषी' हे दोन तुकडे मिळून पाणी कुठलं आणि कुठं गेलं हे सांगतात म्हणून. इंग्रजीतल्या 'हायग्रोस्कोपिक'ला हेही साधत नाही. तो ग्रीकमधून आलाय : हायग्रोस म्हणजे ओला, स्कोपीन म्हणजे पाहणं. ओलावा दाखवणाऱ्या उपकरणाला हायग्रोस्कोप म्हणत, त्यावरून ओलाव्यानं बदलणाऱ्या पदार्थांना ते नाव चिकटलं. शोषण्याचा त्यात पत्ताच नाही. सेमी-इंग्रजीची मुलं तो शब्द घोकतात तेव्हा त्यांच्या हाती काही लागत नाही. आपला शब्द फोडला की व्याख्या बाहेर पडते.

आणि ती मुलगी? तिनं 'पाणी सुटतं' लिहिलंच नाही. 'हवेतलं पाणी ओढून घेतं' लिहिलं. दिशा बरोबर पकडली. हवेतलं म्हणजे आर्द्रता, ओढून घेणं म्हणजे शोषणं. तुमची पारिभाषिक संज्ञा तिनं साध्या मराठीत फोडून तुमच्यासमोर ठेवली आणि तुम्ही शेरा मारलात की संज्ञा वापर.

एक तक्रार तिच्या उत्तराबद्दल माझीही आहे, पण ती वेगळी. मीठ सादळतं की ओलं होतं की चिकट होतं, ह्यावर मी तिच्या आजीशी वाद घातला असता. माझ्या कानाला सादळण्यासाठी आधी कुरकुरीत असावं लागतं. आजी म्हणेल, आमच्यात असंच म्हणतात. तेही बरोबर. अशा वादात वर्गातला एक तास गेला तरी तो वाया गेला नाही.

मराठवाड्यात तर ही शब्दांची अदलाबदल घराघरात झालेली आहे. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवत. त्याच्या आदल्या वर्षी परिभाषा घडवायला भाषांतराचं खातंही काढलेलं होतं. तेव्हा शिकलेल्या माणसासाठी शोषून घेणं म्हणजे 'जज्ब करणं'. १९४८ नंतर राज्य बदललं. पुढं १९६० साली भाषा संचालनालय आलं, परिभाषा कोश आले, 'जज्ब'चं 'शोषण' झालं. आता नातू 'अ‍ॅब्सॉर्ब' म्हणतो. एका घरात तीन पिढ्यांचे तीन शब्द, आणि स्वयंपाकघरात मात्र तिन्ही पिढ्या 'पापड सादळला गं' असंच ओरडल्या. ह्यातून मी काढते ते एवढंच : संज्ञा ही पुढच्या पुस्तकाची किल्ली आहे, ती द्यायलाच हवी, पण ज्या कुलुपाला ती लावायची, ते मुलाकडं घरूनच आलेलं असतं.

तुमचे दुसरे सहकारी शिष्यवृत्तीची काळजी करतात, ती खोटी नाही. बहुपर्यायी प्रश्नात 'सादळणारा' असा पर्याय येणार नाही. पण संज्ञा पाठ होण्याचा रस्ता शेऱ्यातून जात नाही. मी काय केलं असतं, सांगते.

श्रावणात हा पाठ घ्या. वेळापत्रकात तो हिवाळ्यात असला तर पुढं ओढा, मुख्याध्यापक समजून घेतील. चार ताटल्या घ्या : जाडं मीठ, गुळाचा खडा, भाजलेला पापड, कोरडी वाळू. किराणा दुकानातला किंवा सोनाराकडचा डिजिटल काटा एका दिवसासाठी मागून आणा. सकाळी वजन, दुपारी वजन, दुसऱ्या दिवशी वजन. वाळूचा आकडा जवळपास हलणार नाही. बाकीचे किती हलतात ते त्या दिवसाच्या हवेवर. मग मुलांना विचारा, कशाचं काय झालं, पण प्रत्येकासाठी वेगळं क्रियापद पाहिजे. फळा भरेल. तो भरल्यावर एकच विचारा : वजन वाढलं, मग पाणी आत आलं की बाहेर गेलं? 'पाणी सुटलं' हा शब्द तिथंच आपोआप अडचणीत येतो. मग फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा, आर्द्रताशोषी. तो शब्द विसरलेलं पोर मला दाखवा.

मार्चमध्ये तोच खेळ करून बघा, मीठ ठणठणीत राहील. शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता (हवेत मावेल त्याच्या किती टक्के पाणी आहे ते) साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाघळत नाही. आपल्याकडच्या उन्हाळी दुपारी हवा त्याच्या कितीतरी खाली असते. म्हणून तर वाळवणं तेव्हा घालतात. जाडं मीठ बारीक मिठापेक्षा लवकर ओलं होतं ते बहुधा त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळं. त्याला ३३ टक्के पुरतात.

आणि वर्गात कुणाच्या घरी कातड्याची हलगी असेल तर ती मागवाच. पावसाळ्यात हलगी वाजवण्याआधी जाळावर का शेकतात? कातडं हवेतली ओल घेतं, सैल पडतं, आवाज बसतो. पाचटाचा जाळ करून फिरवत फिरवत शेकली की पाणी उडतं, कातडं ताणतं आणि पहिल्याच टिपरीला कडकडाट. जो माणूस बोटानं टिचकी मारून 'अजून जरा' म्हणतो, तो ओलावाच मोजत असतो. युरोपात सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं १७८३ साली माणसाचा केस ताणून आर्द्रतामापक केला, तत्त्व तेच : ओल आली की केस लांबतो. आता फायबरच्या हलग्या आल्या, त्या शेकाव्या लागत नाहीत. का लागत नाहीत, हा दोन गुणांचा प्रश्न मी तुम्हाला भेट देते.

उत्तरपत्रिका तपासताना ज्याला संज्ञा आठवली नाही पण प्रक्रिया बरोबर सांगितली, त्याला पूर्ण गुण आणि शेजारी हिरव्या शाईनं संज्ञा लिहून द्या. ज्यानं नुसती संज्ञा लिहिली, त्याच्यापुढं 'म्हणजे काय?' लिहा आणि गुण थांबवा. दोघांनाही आपापलं उरलेलं अर्धं मिळेल.

असाच पेच घेऊन मला बचत गटाच्या दोन बायांनीही लिहिलं होतं, पापडाच्या पाकिटावर काय छापावं म्हणून. कुणीतरी त्यांना 'उत्पादन आर्द्रताशोषी असल्याने' असं वाक्य करून दिलं होतं. तिथं माझं उत्तर उलटं आहे. पाकिटावर 'डब्याचं झाकण घट्ट लावा, नाहीतर सादळतील' एवढंच छापा. खताच्या दुकानदारांनो, तुम्हीही गोणी ओल्या भिंतीला टेकवू नका, खडे धरतील, असंच सांगत जा. वाचणाऱ्याला पदार्थाचा स्वभाव नको असतो, त्यानं करायचं काय ते हवं असतं. कार्यालयात बसून मराठी मजकूर करणाऱ्यांनी हे आधी ठरवावं, मग कोश उघडावा.

सर, तो अर्धा गुण प्रगतिपुस्तकात शाईनं चढला असेल तर खोडून शेजारी सही केली की चालतं, मी अनेकदा केलंय. फक्त वर्गासमोर त्या मुलीला उभं करून माफीबिफी मागू नका, आठवीतलं लेकरू लाजेनं मरेल. वही परत द्या, लाल शेऱ्याखाली लिहा, 'तुझं कारण बरोबर होतं.' आणि आजी पुन्हा भेटली तर एक विचारा, माझ्यासाठी : त्या मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात का, आणि ते तांदूळ नंतर कसे लागतात.